बावीस टोप्या

“माणसं मोजायची नाहीत, टोप्या मोजायच्या.” नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकांनी गाईडला दिलेला हा गुरुमंत्र होता. माणसं मोजायला अवघड. ती बुटाची नाडी बांधायला सीटखाली जातात, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून दोनाची एक होतात आणि मोजणी अर्ध्यावर आली की नेमकी जागा बदलतात. म्हणून सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला सकाळीच कंपनीची पिवळीधमक टोपी आणि तसंच बिनबाह्यांचं जाकीट मिळायचं. बस सुटण्याआधी गाईड दाराशी उभा राहून टोप्या मोजायचा. बावीस भरल्या की ड्रायव्हरला म्हणायचा, “चल.”

अकरा वर्षांत त्याने एकही माणूस हरवला नव्हता. या एका गोष्टीवर त्याची छाती फुगायची, कारण फुगावी असं दुसरं काही नव्हतं. अकरा वर्षांनंतरही तो कंपनीच्या कागदावर ‘हंगामी’ होता. द्राक्षांचा हंगाम आला की नोकरी यायची, द्राक्षं संपली की नोकरी संपायची. घरी बायको भिंतीला रंग द्यायचा विषय काढायची, तेव्हा तो म्हणायचा, “कायम झालो की देऊ.” भिंतीनेही आता आशा सोडली होती.

सहलीचं नाव होतं ‘एक दिवस द्राक्षांच्या राज्यात’. सकाळी पहिली वायनरी, मग दुसऱ्या बागेत जेवण, आणि शेवटी वन्यजीव दर्शन. पहिल्या दोन गोष्टी पत्रकात छापल्याप्रमाणे मिळायच्या. तिसरीचं जरा अवघड होतं. अकरा वर्षांत गाईडने प्रवाशांना एक कासव, पुष्कळ कावळे आणि एकदा लांबून कुणाची तरी म्हैस दाखवली होती. बाकी वेळ तो मचाणावर उभा राहून, “आत्ताच इथून हरीण गेलं,” असं सांगायचा.

“ते हरीण अकरा वर्षं आत्ताच जातंय,” ड्रायव्हर म्हणायचा. “एव्हाना परदेशी पोचलं असेल.”

शनिवारी मालकांनी गाईडला बोलावून घेतलं. मालक एरवी खुर्चीत रेलून बसायचे, पण त्या दिवशी ते टेबलावर पुढे वाकून बसले होते.

“उद्या आमच्या सासूबाई तुमच्या बसमध्ये आहेत,” ते म्हणाले. “महिनाभर राहायला आल्यात. हॉस्पिटलात मेट्रन होत्या, रिटायर झाल्यात. निदान तसं त्यांच्या कागदावर आहे. घरात पडदे चुकलेत, चहा चुकलाय, माझं चालणं चुकलंय. उद्या त्या खूश होऊन आल्या, एक तक्रार नाही, तर सोमवारी तुमच्या कायमच्या कागदावर मी सही करतो.”

“आणि तक्रार आली तर?”

“तर सोमवारी आपण दोघंही हंगामी,” मालक म्हणाले.

रविवारी सकाळी मालकांची गाडी सासूबाईंना बसपाशी सोडून गेली. गाईडने इतकं वाकून नमस्कार केला की त्याला त्यांच्या चपला तेवढ्या दिसल्या. नंतरही मान वर करून बघायची त्याची हिंमत झाली नाही. शिवाय मालकांनी त्यांचे गुडघे सांभाळायला सांगितले होते, त्यामुळे त्याचं लक्ष गुडघ्यांच्या वर गेलंच नाही. सासूबाईंनी टोपी हातात घेऊन, “हा काय रंग आहे? काविळीच्या पेशंटसारखा,” असं म्हटलं आणि ती घातली. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी शेजारच्या दंतवैद्याला त्याची बसण्याची पद्धत चुकीची असल्याचं आणि मागच्या नवपरिणीत जोडप्याला उघडी खिडकी कफाला आमंत्रण देत असल्याचं सांगितलं. दंतवैद्य बायकोला आणि आपला मोठा कॅमेरा घेऊन शेवटच्या सीटवर गेला. सासूबाईंच्या आजूबाजूला रिकाम्या जागांचं एक बेट तयार झालं.

पहिल्या वायनरीत वाइन चाखण्याचा कार्यक्रम झाला. चाखायची, तोंडात घोळवायची आणि पिंपात थुंकायची, अशी तिथली पद्धत. बावीसपैकी एकवीस जणांना इतकी महागाची वस्तू थुंकण्याचं धाडस झालं नाही. सासूबाई मात्र व्यवस्थित थुंकल्या आणि पिंपाला झाकण का नाही, असं त्यांनी विचारलं. मग त्या हात धुवायला मागच्या बाजूला गेल्या.

तिथल्या नळावर द्राक्षतोडणीच्या कामावरच्या एक आजी तोंडावर पाणी मारत होत्या. अंगकाठी सासूबाईंसारखीच ठेंगणी, केस तसेच पांढरे. डोक्याला निळा रुमाल, पुढे निळा एप्रन, कमरेला कैची. सासूबाईंनी त्या रुमालाकडे बघितलं.

“छान आहे. डोक्याला गार राहत असेल.”

“राहतो. पण उन्हात डोळ्यांना काही आडोसा नाही,” आजी म्हणाल्या. “तुमच्या टोपीला झक्क आहे.”

“घ्या तुम्हाला. जाकीटही घ्या, खिसे आहेत. मला हा रंग नाही सोसत.”

दोघींचा सौदा जागच्या जागी झाला. सासूबाईंनी रुमाल बांधला, डाग पडू नयेत म्हणून एप्रनही चढवला आणि इमारतीच्या पुढच्या बाजूला आल्या. तिथे एका लांबलचक टेबलावरून द्राक्षं सरकत होती आणि निळे रुमाल बांधलेल्या पाच-सहा बायका त्यातले सडके मणी आणि पानं काढून टाकत होत्या. टेबलाच्या टोकाला त्यांची मुकादमीण उभी होती. तिने निळा रुमाल बघितला आणि हाक मारली, “आजी, उभ्या काय राहिलात? या, खोट दिसेल ती काढायची.”

पत्रकात ‘हंगामाचा प्रत्यक्ष अनुभव’ असं छापलेलं होतं. सासूबाईंना ते आठवलं. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या.

इकडे गाईड बसच्या दाराशी टोप्या मोजत होता. एकवीस भरल्या. तेवढ्यात क्रेटच्या ढिगापाशी बाटलीने पाणी पीत असलेली बाविसावी टोपी त्याला दिसली. तो धावत गेला आणि खाली बघत, अदबीने तिचा कोपर धरला.

“चला ना. सगळे थांबलेत.”

“कुठे?” आजींनी विचारलं.

“पुढच्या बागेत.”

आजींचं समाधान झालं. तोडणीच्या कामात हे असंच असतं. एका बागेतलं काम उरकलं की गाडी येते, कुणीतरी बसा म्हणतं, बायका बसतात. कुठे, किती वेळ, हे उतरल्यावर कळतं. चाळीस वर्षं आजींनी यापेक्षा जास्त माहिती कधी विचारली नव्हती. फक्त कोपर धरून चढवायची पद्धत नवी होती. सीटही मऊ होती.

“हा नवा मुकादम बरा दिसतोय,” त्या शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाल्या.

“बावीस,” गाईड म्हणाला. “चल.”

दुसऱ्या बागेत उतरल्या उतरल्या सगळ्यांच्या हातात एकेक पेला आला. आजींनी तो गटकन संपवला, तोंड पुसलं आणि सवयीने ओळींच्या टोकाला लावलेल्या रिकाम्या क्रेटकडे वळल्या. कमरेची कैची काढली आणि पहिला घड कापला. त्यांच्या मागून नवपरिणीत जोडपं आलं.

“आजी, हे आपण करायचं?”

“मग कोण करणार? देठ जवळून कापा. घडाला बोटं लावू नका, देठाला धरा.”

जोडप्याने कैची मागितली. मांडवाच्या खांबाला दहाबारा लटकवलेल्याच होत्या. पाठोपाठ दंतवैद्य आला. बारीक हत्यार हाती येताच त्याच्यात वेगळाच उत्साह संचारला आणि तो पानांच्या आड दडलेले घड असे हळुवार काढू लागला की आजी त्याला म्हणाल्या, “तुझा हात चांगला आहे, काम सोडू नकोस.” आयुष्यात एवढी मनमोकळी दाद त्याला एकाही पेशंटने दिली नव्हती.

“आजी एकदम गोड झाल्या हो,” तो बायकोच्या कानात म्हणाला. “सकाळी काय होत्या. वाइनचा एवढा गुण असतो हे माहीत नव्हतं.”

गाईड मांडवात जेवणाची ताटं बघत होता. तो बाहेर आला तेव्हा दोन ओळी साफ झाल्या होत्या आणि चौदा क्रेट भरले होते. त्याच क्षणी मालकांचा फोन आला.

“सासूबाई काय करतायत?”

गाईडने बघितलं. खोटं बोलावं असं त्याला सुचलंच नाही. “द्राक्षं तोडतायत.”

“वाकून?” मालकांनी विचारलं.

“वाकून. आणि सगळ्यांना शिकवतायत.”

“शिकवतायत ना? मग त्याच आहेत,” मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यात बागायतदार धावत आला. त्या दोन ओळी अजून आठ दिवस वेलीवर ठेवायच्या होत्या. तो क्रेट मोजत होता आणि गाईडकडे अशा नजरेने बघत होता की गाईडला घरची भिंत डोळ्यांपुढे दिसू लागली. आता कसली सही आणि कसलं कायम.

“कुणी सांगितलं तोडायला?” बागायतदार म्हणाला.

“सांगायला कशाला पाहिजे,” आजी वर न बघता म्हणाल्या. “मणी चावा. बी बघा कशी तपकिरी झालीये. कुरकुरीत लागते ना? आठ दिवस थांबलात तर निम्मी पाखरं खातील आणि निम्मी तुम्ही रडत गोळा कराल.”

बागायतदाराने मणी चावला. मग आत जाऊन गोडी मोजायची नळी आणली, तिच्यावर रसाचा थेंब टाकला आणि ती डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. नळी खाली आली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्याने गाईडला बाजूला घेतलं.

“या कोण?”

“आमच्या मालकांच्या सासूबाई,” गाईड कुजबुजला.

“बाईंना बरंच कळतं.”

“सगळंच कळतं. तीच अडचण आहे म्हणतात.”

जेवण झकास झालं. गरम सूप, ताजा पाव, भाजलेल्या भाज्या आणि चीजचे चार प्रकार. बागायतदाराने आजींना स्वतःच्या हाताने वाढलं. मधल्या सुट्टीत मांडीवर डबा उघडून खाणाऱ्या आजींना कुणी टेबलाशी बसवून वाढतंय, आणि वर दुसऱ्यांदा घ्या म्हणतंय, हे जरा जास्तच वाटलं. त्यांनी खाल्लेल्या ताटांचा ढीग करून धुवायला उचलला तेव्हा गाईडने तो हातातून काढून घेतला. पावाचे दोन तुकडे मात्र त्यांनी जाकिटाच्या खिशात टाकले. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही, म्हणून पुरावा.

मग वन्यजीव. बस डोंगराच्या पायथ्याशी थांबली. मचाणाला चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. आजी सगळ्यांच्या आधी वर पोचल्या. गाईडने धापा टाकत कठड्याला टेकून नेहमीप्रमाणे घसा साफ केला. “तर मंडळी, आत्ताच इथून एक हरीण–”

“हरीण कुठलं इथे,” आजी म्हणाल्या. “ही काय प्राणी बघायची जागा आहे? बोलायचं बंद करा आणि माझ्यामागे या. टाकाऊ घड कुठे फेकतात?”

कुंपणाच्या कोपऱ्यात, बागेच्या पार मागे, फेकतात, हे ड्रायव्हरला माहीत होतं. आजी सगळ्यांना चिडीचूप रांगेत घेऊन निघाल्या. बांधाच्या आड सगळ्यांना बसवलं. पाच मिनिटं गेली. आणि गवतातून एक कोल्ही बाहेर आली. तिच्यामागे तीन पिल्लं. ती ढिगाऱ्यापाशी आली, घड पंजाने दाबून धरला आणि मणी ओढून खाऊ लागली. म्हणीतला कोल्हा द्राक्षं आंबट म्हणून निघून जातो. ही बाई बैठक मारून जेवली, पिल्लांना जेवू घातलं आणि जाताना एक घड तोंडात धरून घरी घेऊन गेली.

दंतवैद्याचे डोळे भरून आले, त्यामुळे पहिले दहा फोटो धूसर निघाले. आणि गाईड, ज्याने अकरा वर्षं एक नसलेलं हरीण दाखवलं होतं, तो बांधामागे मांडी घालून बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

तिथेच पुन्हा फोन वाजला. “द्या त्यांना,” मालक म्हणाले. गाईडने फोन आजींच्या कानाशी धरला.

“कोण?” आजी म्हणाल्या. “मालक? बरं झालं भेटलात. एक सांगते. माणसाला गाडीत घालायच्या आधी कुठे नेताय ते सांगत चला. दरवेळी नुसतं बसा, बसा. आणि जेवण आजच्यासारखं रोज देत जा, एक दिवसाचं कौतुक नको.”

“हो. चुकलंच,” मालक म्हणाले.

“आणि आवाज का असा मेलेला? जेवत नाही का नीट?”

“जेवतो. हो. चुकलं.”

मालकांना आवाज थोडा बसल्यासारखा वाटला. पण बारा वर्षांच्या संसारात सासूबाईंच्या फोनवर ते ‘हो’ आणि ‘चुकलं’ यांखेरीज काही बोलले नव्हते, आणि मजकुरात त्यांना काहीच नवीन आढळलं नाही.

परतीच्या वाटेवर गाईडने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. आजींकडे चष्मा नव्हता, म्हणून तो त्यांच्याशेजारी बसला आणि पेन उघडलं. दिवसात पहिल्यांदा तो निर्धास्त होता.

“मी लिहितो. तुम्ही फक्त सांगा. जावईबापूंना वाचून बरं वाटेल असं काहीतरी.”

“मला कुठला जावई? तीन मुलगे आहेत मला.”

गाईडने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्याने टोपीखालचा चेहरा नीट बघितला. उन्हाने रापलेला, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, आणि अतिशय प्रेमळ. मेट्रनचा तर तो नक्कीच नव्हता.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

“तोडणीची,” आजी म्हणाल्या. “आता कुठली बाग?”

गाईडने उठून टोप्या मोजल्या. बावीस होत्या. पुन्हा मोजल्या. बावीसच. एकही टोपी न हरवता त्याने माणूस हरवला होता, आणि तोही नेमका तो, जो हरवायचा नव्हता. त्याने ड्रायव्हरला हळू आवाजात सगळं सांगितलं. ड्रायव्हरने काही न बोलता बस वळवली. त्याच्याकडून एकही टोमणा आला नाही, तेव्हा गाईडला परिस्थिती खरोखर वाईट असल्याची खात्री पटली.

पहिल्या वायनरीपर्यंत अर्धा तास लागला. वाटेत त्याने राजीनाम्याची पहिली दोन वाक्यं मनात तयार केली. तिसरं सुचायच्या आत बस थांबली.

सासूबाई टेबलाशीच होत्या. मात्र आता त्या टेबलाच्या टोकाला, मुकादमिणीच्या जागी उभ्या होत्या आणि मुकादमीण बाजूला क्रेटवर बसून चहा पीत होती. सरकत्या द्राक्षांवरून सासूबाईंचा हात लवलवत फिरत होता. सडका मणी, सुकलेला मणी, पान, काडी, एक गोगलगाय. सगळं बरोबर वेचलं जात होतं.

“तुमच्याच का या?” मुकादमीण गाईडला म्हणाली. “सकाळी दोन पोरींना रडवलं. दुपारी त्याच पोरी यांच्याकडून शिकत होत्या. असा स्वच्छ माल या टेबलावरून कधी गेला नाही. न्यायलाच पाहिजे का?”

“बाई, मला माफ करा,” गाईड हात जोडून म्हणाला. “मी टोपी मोजली. माणूस मोजला नाही. चूक सगळी माझी आहे.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. “हा क्रेट संपू दे,” त्या म्हणाल्या.

एकवीस प्रवासी उभे राहून क्रेट संपण्याची वाट बघत राहिले. मग सासूबाईंनी हात धुतले, रुमाल सोडून घडी घातली आणि आजींच्या हातात दिली. आजींनी टोपी परत केली. दोघींनी एकमेकींना दिवस कसा गेला ते विचारलं आणि दोघींनीही छान गेला म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. गाईडला ते तक्रारीपेक्षा भयंकर वाटलं.

सोमवारी तो राजीनामा खिशात घालून मालकांपुढे उभा राहिला. मालक खुर्चीत रेलून बसले होते.

“सासूबाई घरी आल्या,” ते म्हणाले. “जेवल्या. पडद्यांबद्दल बोलल्या नाहीत. मी समोरून चाललो, काही म्हणाल्या नाहीत. बायकोने घाबरून ताप बघितला. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आयुष्यभर मी खोट काढली. आज पहिल्यांदा कुणी मला त्याबद्दल धन्यवाद म्हणालं.’ आणि डोळे पुसले. मी लग्नात पण त्यांचे डोळे ओले बघितले नव्हते.”

गाईडने खिशातला राजीनामा आणखी आत ढकलला.

“हंगाम संपेपर्यंत त्या इथेच राहतायत,” मालक पुढे म्हणाले. “दर रविवारी तुमच्या बसने येतील. बागायतदाराचाही फोन आला होता, घड वेळेत तोडले गेले म्हणून खूश आहे. त्या कोल्हीवाल्या आजींना दर रविवारी आपल्याकडे बोलवा, वन्यजीव त्यांच्याकडे. फक्त माझा नंबर त्यांना देऊ नका. त्या फोनवर कोण होत्या ते आता कळलंय मला, तरी काल रात्रीचं जेवण मी वेळेवर घेतलंय.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि सही केली. “आणि टोप्या मोजणं बंद. माणसं मोजा.”

पुढच्या रविवारी पहिल्या वायनरीसमोर गाईड दाराशी उभा राहिला. त्याने एकेका चेहऱ्याकडे नीट बघून माणसं मोजली. सासूबाई टेबलाशी राहणार होत्या, आजी थेट मचाणापाशी भेटणार होत्या; म्हणजे भरायला हवी होती एकवीस, आणि भरली बावीस. त्याने पुन्हा बघितलं, तेव्हा शेवटच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून बसलेल्या दिसल्या. वायनरी फिरून आल्यावर जरा टेकल्या होत्या, तिथेच डोळा लागला होता. तो घाईघाईने आत गेला, त्यांना हलकेच जागं केलं, कोपर धरून जपून खाली उतरवलं आणि टेबलापर्यंत सोडून आला.

मग तो परत दाराशी आला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“एकवीस,” तो म्हणाला. “सगळे आले. चल.”